डाव्या हाताची खुर्ची

लिहून ठेवणार: एमिल फ्रँक कुबेना, वय बेचाळीस, धंदा पूर्वी शेती व पवनचक्क्यांची दुरुस्ती, सध्या काही नाही, राहणार मोक्री क्रीक, टेक्सास. माझे पाय कामातून गेले आहेत, डोके गेलेले नाही. हा कागद मी माझ्या हाताने, कोणी सांगितले म्हणून नव्हे, आणि खिडकीशी दिवसाउजेडी बसून लिहीत आहे. घरात या क्षणी माझी बहीण अल्बिना आहे. तिचा नवरा रॉय डेल स्कॅग्ज गुरे घेऊन सॅन अँटोनियोच्या बाजारात गेला आहे व शनिवारपर्यंत येणार नाही. तो घरात असता तर हे लिहिणे शक्य झाले नसते, एवढे वकिलांनी ध्यानात घ्यावे.

कलम पहिले. यापूर्वी माझ्या सहीने झालेले मृत्युपत्र मी रद्द करतो. पवनचक्कीला वंगण घालताना मी शिडीवरून पडलो, त्यानंतर इस्पितळात गुंगीच्या औषधांत असताना रॉय डेलने ते पुढे केले होते. "नुसती औपचारिकता आहे रे," असे तो म्हणाला होता. त्यात माझ्या मालमत्तेची सगळी व्यवस्था त्याच्या हाती दिली होती.

कलम दुसरे. आईवडिलांकडून मला आलेले हे घर, मागची जमीन, विहीर, कोठार आणि त्यावर उभे असलेले सर्व काही मी अल्बिनाला देतो. तिला एकटीला. ती तिची स्वतंत्र मालमत्ता राहील, नवऱ्याचा तिच्यात हक्क असणार नाही. तिने ती विकावी, भाड्याने द्यावी, पडीक टाकावी. माझी आठवण म्हणून सांभाळत बसू नये. सांभाळण्यात तिची पुष्कळ वर्षे गेली आहेत.

ती या घरात परत का आली, हे इथे लिहिले पाहिजे. मी पडल्यावर मला उचलायला, कुशीवर वळवायला, आंघोळ घालायला माणूस हवे होते. अल्बिनाचे नुकतेच लग्न झाले होते. दोघे इथे राहायला आले. रॉय डेल अंगाने दांडगा आहे. मला पोत्यासारखा नाही, माणसासारखा उचलायचा, हेही खरे आहे व ते मी नाकारत नाही. पण मग त्याने माझी, पाय न लावता फक्त हातांनी चालवता येणारी मोटार विकली, कारण म्हणे मी तिच्यात जीव देईन. टपाल तो आधी उघडू लागला. बाहेर जाताना फोनचा रिसीव्हर काढून गाडीत ठेवू लागला. अल्बिना शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती आणि तिथे ती हसायची. त्याने परस्पर मुख्याध्यापकांना जाऊन सांगितले की तिला आता घरचेच पुष्कळ आहे.

त्या दिवशी मी तिला म्हणालो, "तू निघून जा, अल्बिना. व्हिक्टोरिया गावी मावशीकडे जा."

ती माझ्या पायांना तेल लावत होती. मान वर न करता म्हणाली, "मी गेले तर तुला कोण उचलेल? तो?"

"मी त्याला घराबाहेर काढतो. घर माझं आहे."

"काढ की. मग त्याच्या मागोमाग मला जावं लागेल. नाही गेले तर तो मला सुखानं जगू देईल असं वाटतं तुला?"

तेव्हा मला कळले की आम्हा दोघांना बांधायला त्याला दोर लागत नव्हता. ती माझ्यासाठी थांबली होती, मी तिच्यासाठी गप्प होतो.

कलम तिसरे. माझी सर्व हत्यारे, म्हणजे पाने, कप्प्या, साखळी आणि वंगणाची पिचकारी, लॅडी व्होटिपकाला द्यावीत. गावातले पशुखाद्याचे दुकान लॅडीचे. दर गुरुवारी गुरांचा लिलाव आटोपला की दुपारी त्याच्या मागच्या खोलीत पत्त्यांचा डाव बसतो, आणि आठवड्यात मी घराबाहेर पडायचो तो तेवढाच. आम्ही मक्याच्या दाण्यांवर खेळतो. पाद्रीबाबांनाही ठाऊक आहे.

त्या खोलीतल्या जागांबद्दल लिहिल्याशिवाय पुढचे कलम कोणाला समजणार नाही. आमच्या खेळात प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात, बाकीचे मध्ये सगळ्यांसाठी उघडतात. वाटणाऱ्याच्या डाव्या हाताचा माणूस आधी बोलतो, म्हणजे दाणे लावायचे की नाही ते सांगतो, आणि वाटणारा शेवटी. जो शेवटी बोलतो त्याला बाकीच्यांनी काय केले ते दिसलेले असते, म्हणून तो हलक्या पत्त्यांवरही खेळू शकतो. आधी बोलणाऱ्याने मात्र हातात भक्कम काही नसेल तर पत्ते टाकून द्यावेत, कारण त्याच्या मागे किती जण टपलेत हे त्याला माहीत नसते. वाटायची पाळी फिरत राहते, तेव्हा चांगली जागा सगळ्यांच्या वाट्याला येते. शेजारी मात्र फिरत नाहीत. तुमच्या डाव्या हाताला बसलेला माणूस, तुमची वाटायची पाळी सोडली तर, प्रत्येक डावात तुमच्यानंतर बोलतो.

माझी चाकांची खुर्ची शेगडी आणि दार यांच्यामध्येच मावते. माझ्या डाव्या हाताची खुर्ची रॉय डेलची. "त्याला काही लागलं तर मी जवळ हवा ना," असे तो सगळ्यांना सांगायचा. मी दाणे लावले की तो दुप्पट लावायचा. मी पत्ते टाकले की हसून म्हणायचा, "शहाणा आहेस." मी बरेसे पत्तेही टाकायला शिकलो. मग दुसरेही एक शिकलो: चांगले पत्ते आले की नुसते 'पास' म्हणायचे, म्हणजे पत्ते हातात ठेवून पाळी पुढे द्यायची, त्याला लावू द्यायचे, त्याच्यामागे बाकीचे येतात का ते पाहायचे, आणि फेरी माझ्याकडे परत आली की मग वाढवायचे. वाईट जागेचेही असे थोडे काढता येते. पण थोड्या महिन्यांत त्याने ते ओळखले. मी पास म्हटले की तोही पास म्हणू लागला. त्यानंतर मला त्या टेबलावर श्वास घ्यायलासुद्धा त्याची परवानगी लागते असे वाटायचे.

कलम चौथे. वडिलांचा अकॉर्डियन ऑपल रेंट्स यांना द्यावा. ऑपलबाई काउंटीच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या, आमच्या डावातल्या एकट्या बाई. अकॉर्डियन त्यांना वाजवता येत नाही. तरी द्यावा, कारण त्यांनी माझ्यासाठी जे केले त्याच्या तोडीचे माझ्याकडे दुसरे काही नाही.

या जानेवारीतल्या एका गुरुवारी रॉय डेल मला खोलीत ढकलत घेऊन आला, तर ऑपलबाई त्याच्या खुर्चीवर बसलेल्या.

"बाई, ती माझी जागा," तो म्हणाला.

"माझा डावा कान पार गेलाय," बाई म्हणाल्या. "एमिलच्या या बाजूला बसले तरच मला त्याचं बोलणं ऐकू येतं."

"रविवारी चर्चमध्ये तर बरं ऐकू येत होतं."

"काय म्हणालास?"

लॅडी खोकला दाबत दाणे मोजू लागला. रिकामी खुर्ची एकच उरली होती, माझ्या उजव्या हाताची. रॉय डेल तिथे बसला.

तो सबंध दुपारभर माझ्या आधी बोलला. तो पास म्हणाला की मी लावायचो, तो लावायचा तेव्हा मी निवांत बघून ठरवायचो. हातात काही नसले की तो दाणे झटक्यात पुढे लोटतो, हे मला ठाऊक होते. आता ते बघून मग माझे ठरवता येत होते. शेवटच्या डावात माझ्याकडे दोन नव्व्या होत्या. मध्ये राजा, सत्ती, चौकी उघडली. त्याने मूठभर दाणे झटक्यात ढकलले. मी सगळे पुढे केले. ऑपलबाईंनी पत्ते टाकले, लॅडीने टाकले. रॉय डेल माझ्याकडे बघत राहिला.

"राजा आहे तुझ्याकडे?" त्याने विचारले.

"दाणे लाव, मग बघ."

त्याने पत्ते टाकले. लॅडी म्हणाला, "अरे रॉय डेल, बाजू बदलली तर तू शाळकरी पोरासारखा खेळायला लागलास!" सगळे हसले. रॉय डेलही हसला. मला इतके बरे किती वर्षांत वाटले नव्हते.

घरी आल्यावर त्याने मला नेहमीसारखे जपून पलंगावर ठेवले, पांघरूण घातले आणि म्हणाला, "आराम कर. आज फार खेळलास." खुर्ची त्याने गाडीत तशीच ठेवली आणि बाजाराला निघून गेला. तो सोमवारी आला. तोपर्यंत मी छताकडे बघत पडून होतो. अल्बिना मला एकटीने वळवत होती, तिची पाठ धरली, आणि फोनला रिसीव्हर नव्हता. खुर्ची परत आणताना तो शीळ घालत होता. त्यानंतर त्याने मला कधी लॅडीकडे नेले नाही.

कलम पाचवे. रॉय डेल स्कॅग्जला ओसरीवरचा झोपाळा द्यावा, कारण तो त्याने स्वतःच्या हाताने केलेला आहे आणि चांगला केलेला आहे. या घरातले दुसरे काहीही त्याचे नाही. त्याने मला इतकी वर्षे उचलले त्याबद्दल मी त्याचे आभार मानतो. त्यापुढचे मी लिहीत नाही, कारण हा कागद पाद्रीबाबाही वाचतील.

कलम सहावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ऑपल रेंट्स यांनी करावी. मला आईवडिलांजवळ पुरावे. पवनचक्कीचा उल्लेख दगडावर करू नये.

कलम सातवे. हे मृत्युपत्राचे कलम नाही, पण दुसरीकडे लिहायला कागद नाही. मी मरेपर्यंत अल्बिनाला थांबायला लावणे मला मान्य नाही. मी बेचाळीस वर्षांचा आहे आणि डॉक्टरांच्या मते माझे हृदय उत्तम आहे. मागच्या महिन्यात रॉय डेल बाहेर असताना ऑपलबाई घरचे 'कोलाचे', म्हणजे फळांचा गर भरलेले गोड पाव, घेऊन आल्या होत्या. त्यांच्या हातून मी सेंट लुडमिला वृद्धाश्रमात अर्ज दिला. तिथे सगळे माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत, संध्याकाळी पाचला जेवण देतात आणि दाराला बाहेरून कडी आहे. ऑपलबाईंनी हे काही लपवले नाही. मी म्हणालो, चालेल. जागा मिळाल्याचा निरोप त्यांनीच आज सकाळी आणला; उद्या सकाळी लॅडी दुकानाचा ट्रक घेऊन येणार आहे.

मघाशी अल्बिना कॉफी घेऊन आली तेव्हा मी तिला हे सांगितले. ती पलंगाच्या कडेला बसली.

"तिथे तुला कोण वळवेल?" तिने विचारले.

"पगारी माणसं आहेत. त्यांच्या पाठी मजबूत असतात."

"मला न विचारता ठरवलंस?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

तिने कॉफीचा कप उचलला, परत ठेवला. "नाहीच म्हटलं असतं," ती म्हणाली. मग उठून म्हणाली, "तुझे शर्ट इस्त्री करते."

ती गेली. इस्त्री तापल्याचा वास आला. मग माळ्यावरून माझी पेटी खाली काढल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने दुसरी पेटी ओढल्याचा आवाज आला. मी काही विचारले नाही आणि विचारणारही नाही.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे. साक्षीदार दाराशी आले आहेत. त्यांना यातून काही मिळणार नाही, म्हणून ऑपलबाईंकरवी त्यांनाच बोलावले.

सही: एमिल फ्रँक कुबेना

साक्षीदार: डॉ. हॉलिस ग्रीअर, जनावरांचे डॉक्टर
साक्षीदार: व्हलास्टा यानाक, शेजारीण

ठिकाण: मोक्री क्रीक, टेक्सास
गुरुवार, १७ मार्च १९८३