कडू नारिंगाचा खुंट

६ मार्च
झाडं आली. कोंपाद्रे ताचोनं, माझ्या नोएमीच्या धर्मपित्यानं, स्वतःच्या ट्रकमधून आणली. प्रत्येकाच्या मानेला पिवळी चिठ्ठी — खुंट: कडू नारिंग. चिठ्ठी काय, कुणीही बांधेल! वर सगळं ग्रेपफ्रूटच दिसतं. खाली मुळं कुणाची आहेत ते देव जाणे आणि ज्यानं खुंटावर कलमाचे डोळे भरले तो ताचो जाणे.

नोएमीला तीन पानी खुंट हवा होता. कॉलेजात तेच शिकवतात म्हणे. "मम्मी, कडू नारिंगावर व्हायरस येतो, आता कुणी लावत नाही." मी म्हटलं, तुझ्या बापानं जंभेरीचा खुंट लावला तेव्हा सगळे जंभेरीच लावत होते. काय झालं? या चिकण मातीत कालव्याचं पाणी सोडलं की डबकं हटत नाही. मुळं कुजली, बुंध्यांतून डिंक गळायला लागला, एकेक झाड बसलं. नोएमीच्या बाप्तिस्म्याला तिच्या बापानं, फेर्मीननं, घराजवळ लावलेलं झाडसुद्धा गेलं. त्याच्यासारखं लाल, थोडं कडसर फळ मी परत खाल्लं नाही. मग फेर्मीनही गेला. तीन पानी खुंट आमच्या खारट मातीत पिवळा पडतो, ते कळायलाच तीन-चार उन्हाळे जातात. परत लावायला मी काय अमरपट्टा घेऊन आलेय?

९ मार्च
लावणी झाली. बुंध्यांना उन्हासाठी कागद गुंडाळले.
एक झाड अगदीच मरतुकडं. एक काडी आणि चार पानं. म्हटलं, फेकून द्या. ताचो म्हणाला, असू द्या कोमाद्रे. आणि स्वतः खड्डा खणून घराच्या कोपऱ्यावर लावलं, कुणाला हात लावू दिला नाही. एवढं काय त्याच्यात?

२ एप्रिल
दर रविवारी चर्चमधली मिसा आटोपली की ताचो हजर. कॉफी नंतर, आधी बागेत. कागद वर करतो, कलमाच्या सांध्याखाली फुटलेले पानसोट, ते आगंतुक कोंब, नखानं खुडतो, चुरगळून कालव्यात टाकतो. म्हणतो, नाहीतर वरचा डोळा उपाशी राहतो.
मलाही कळतं ते! पण सांध्याखालचा पानसोट म्हणजे मुळाची जात. तो वाढू दिला की पानं बोलतात. देठाला तीन पानं, तर नोएमीचा खुंट. एकच पान आणि देठाशी छोटे पंख, तर कडू नारिंग. आणि हा गृहस्थ पान उमलायच्या आत खुडतो!
विचारायची सोय नाही. शाळेत तो मला देल्फिना म्हणायचा, आम्ही अरे-तुरे करायचो, मी त्याला एकदा चावलेही होते. पण नोएमीला त्यानं बाप्तिस्म्याच्या पाण्यावर धरलं, त्या दिवसापासून अहो-जाहो. कोंपाद्रेला तोंडावर खोटारडा म्हणत नाहीत. म्हणून इथे लिहिते. खोटारडा असावा.

२३ एप्रिल
नोएमी आणि तिचा धर्मपिता कोपऱ्यातल्या झाडाशी कुजबुजत होते. मी गेले तर गप्प. "काही नाही मम्मी." लहानपणी साखर खाऊन असंच म्हणायची.
म्हणजे दोघे सामील आहेत. म्हातारीला काय कळतंय, लावा तिला तीन पानी!

२१ मे
ताचो सीमेपलीकडे मेहिकालीला चालला, भावाकडे. डोळ्यांचं ऑपरेशन, मग महिनाभर ऊन वर्ज्य. निघताना फाटकाशी थांबला. "कोपऱ्यातल्या झाडाचे पानसोट तेवढे खुडत जा, कोमाद्रे. बाकीच्यांचं राहिलं तरी चालेल."
बाकीच्यांचं चालेल! चोराच्या मनात चांदणं. मी म्हटलं, हो कोंपाद्रे, काळजी नको.
खुडतेय कसली!

२४ मे
कोपऱ्यातल्या झाडाला सांध्याखाली हिरवा कोंब. नोएमीला दिसू नये म्हणून कागद खाली ओढला, सुतळी बांधली. राहू दे.

७ जून
पानं उमलली. एकेकटी. पंखही दिसतात.
पण पहिल्या पानांवर काय भरवसा? तीन पानी खुंटही कोवळेपणी एखादं एकटं पान काढून फसवतो, नोएमीनंच कधीतरी सांगितलं होतं. अजून वाढू दे. ताचोसमोरच दाखवीन.

१८ जून
पारा एकशे पंधरा फॅरनहाइटच्या वर. पानसोट कागदाबाहेर आला, तरारून. वरच्या काडीची पानं गळाली. ती मरतुकडी होतीच.
नोएमी दोनदा म्हणाली, मी बघते ते झाड. मी म्हटलं, तू ऑफिस बघ. तिला त्या झाडाची एवढी काय पडलीय? माझा संशय अजूनच पक्का झाला.

२९ जून
पानसोट माझ्या कमरेला लागला. सगळी पानं एकेकटी, देठाला ठसठशीत पंख. एक पान चुरडून हुंगलं. कडू नारिंग! शंकाच नको.
ताचो खरं बोलत होता. मेली माझी जीभ — बरं झालं कुणापाशी बोलले नाही. हलकं वाटलं फार. ही माती आता बाग खात नाही. तो आला की तामालेस करीन, त्याला आवडतात तसे हिरव्या मिरचीचे, आणि काही सांगणार नाही.

५ जुलै
ताचो आला. काळा चष्मा लावून, भर उन्हात, आधी कोपऱ्याकडेच. वरची काडी नखानं खरवडली. आत हिरवं नव्हतं.
"फेर्मीनचं झाड मरायच्या आधी मी त्याचे डोळे काढून कडू नारिंगावर भरले होते. एकच लागला, हा, देल्फिना. नोएमी म्हणाली, फूल आल्यावर तुला सांगू."
तामालेस तसेच पडलेत. कडू नारिंग वाढतंय.