बारीक लाइन

छावणी, छत्रपती संभाजीनगर
३ जुलै २०२४

तीर्थरूप आईस, संजीवनीचा नमस्कार.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहूनच कळवते. मी बरी आहे, डबा वेळेवर येतो. आप्पांचा खोकला कमी झाला का?

काल आमच्या कॉलेजात प्रवेशाचे फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. दुपारी रस्ता खोदताना इंटरनेटची मोठी केबल तुटली. नेटवर्कचं काम माझ्याकडं असतं, म्हणून मी सगळं काम दुसऱ्या बारीक लाइनवर वळवलं. पण ती सगळ्यांना पुरेना. मग मी बाकीचं सगळं थांबवून आधी फॉर्म जाऊ दिले, आणि त्यात प्राचार्यांची ऑनलाइन मीटिंग बंद पडली.

ते खाली आले. "कुणाला विचारून केलं?"

"कुणालाच नाही, सर. मीटिंग उद्या घेता येईल. फॉर्म उद्या चालणार नाहीत."

ते परत वर गेले. पाचच्या आत सगळे फॉर्म गेले. शेवटची पोरगी फुलंब्रीची होती. बाहेर उभ्या बापाला ती दारातूनच ओरडली, "भरला, बाबा!"

आज माझ्याकडून लेखी खुलासा मागितलाय. नोकरी अजून कंत्राटीच आहे, पण तू घोर लावून घेऊ नको.

दिवाळीच्या आधीच घरी आले, तर लगेच काही विचारू नको. आधी जेवायला वाढ.

तुझी लेक,
संजीवनी