भरवशाचा फोन

३ नोव्हेंबर

आजपासून वहीत लिहायचं. कारण सरळ आहे: फोनचा भरवसा संपत आला. सकाळी त्यावर सूचना आली. या मॉडेलला तीस तारखेनंतर सुरक्षा-अपडेट मिळणार नाहीत, आजवरच्या सोबतीबद्दल आभार. आभार! नोकरीवरून काढलेल्या माणसाला निदान चहा तरी पाजतात.

लेकीला फोन केला. ती कॉम्प्युटरच्या सुरक्षेचंच काम करते. हा फोन तिनंच निवडून दिला होता — जाहिराती नाहीत, पाळत नाही, मी कुठे आहे ते फक्त मला माहीत. म्हणाली, "आई, फोन बंद पडणार नाही. पण यापुढे त्यात भोक सापडलं तर बुजवायला कुणी येणार नाही."

"आत्ता तर उत्तम चालतोय."

"चोर शिरल्यावरही उत्तमच चालेल. तोच तर घोटाळा आहे!"

बघू. तीस तारीख लांब आहे.

६ नोव्हेंबर

शिंपिणीचा मेसेज. "बाई, काम मिळालं. चादरी शिवायच्या आहेत. खोलीचं दार आतून नीट लागतं."

नवऱ्याच्या मारहाणीतून ती निघाली ते आमच्या सल्ला केंद्रातून. आता ती कुठे आहे हे फक्त मला आणि या फोनला माहीत. नवरा तिला शोधतो आहे. गाव इथेही लिहिणार नाही.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिला उत्तर टाइप केलं: चादरी मन लावून शिव, दार आतून लावत जा. सावकाश, एकेक शब्द नीट जुळवून. हे समोर मटार सोलत होते. मान वर केली नाही.

केंद्रातलं घरात आणायचं नाही हा माझा पहिल्यापासूनचा नियम. त्यातून ह्यांच्या पोटात काही राहत नाही! भाजीवालीला ह्यांची रक्तातली साखर पाठ आहे.

९ नोव्हेंबर

ह्यांच्या फोनवर गुडघ्याच्या पट्ट्यांच्या जाहिराती सुरू झाल्या. गुडघा दुखतो हे ते फोनला सोडून सगळ्यांना सांगत होते. शेवटी त्यालाही कळलं. स्वतः मात्र खूश. "बघ, किती काळजी आहे त्याला!"

१२ नोव्हेंबर

फोनच्या दुकानात गेले. दुकानदार तरुण, केसांना भरपूर जेल. म्हणाला, "मॅडम, हा घ्या. नुसतं तोंड दाखवलं की उघडतो."

"माझं तोंड त्याला कशाला?"

"सोयीसाठी हो!"

त्यातला टॉर्च लावून पाहिला, तर टॉर्च विचारतो, तुमचे सगळे नंबर बघू का? उजेड पाडायला याला माझ्या नणंदेचा नंबर कशाला हवा? ठेवला आणि आले.

१३ नोव्हेंबर

लेक म्हणते, तू वापरतेस तीच पद्धत असलेलं नवं मॉडेल आहे, त्याला पुढची बरीच वर्षं अपडेट मिळतील. पण दुकानातून मागवावं लागेल. "तीस तारखेची वाट बघू नकोस." मी म्हटलं, दूध नासायच्या आधी ओतून देत नाही कुणी. म्हणाली, "आई, हे दूध नाही. हे त्या बाईचं दार आहे."

मला असं बोललेलं आवडत नाही. विशेषतः खरं असलं तर.

१७ नोव्हेंबर

बसमध्ये शिंपिणीला दोन ओळी लिहिल्या. शेजारची बाई सारखी माझ्याकडे बघत होती. लोकांना दुसऱ्याच्या फोनची केवढी हौस! पडदा हातानं झाकला तरी बघतच होती. शेवटी फोन पिशवीत टाकला.

२० नोव्हेंबर

शिंपिणीचा नवरा केंद्रात आला. इस्त्रीचा शर्ट, हात जोडलेले, आवाज अगदी मऊ. "ताई, फक्त ती सुखरूप आहे ना, एवढंच."

"आम्ही कुणाचा पत्ता सांगत नाही."

जाताना त्यानं दारावरची माझ्या नावाची पाटी वाचली. सावकाश.

घरी येऊन नवा फोन मागवला. हे तेवढ्यात शेजाऱ्याला माझ्या दाढेचं सांगत होते.

२४ नोव्हेंबर

घात झाला!

कोपऱ्यावरच्या सलूनवाल्यानं हाक मारली. "काकू, काल काकांनी धमाल केली. एक इस्त्रीचा शर्ट आला, काकांच्या शेजारी बसला, चहा मागवला. गोडगोड बोलून विचारतो, काकूंच्या ओळखीची एक शिवणकाम करणारी बाई होती, ती हल्ली कुठे असते?"

"मग? ह्यांनी काय सांगितलं?"

"काका म्हणाले, ती होय! ती गेली बोटीवर, खलाशांचे कपडे शिवते. मग गुडघा काढला, साखर काढली, पेन्शन काढली. त्याचा चहा संपला, दुसरा संपला, काका थांबेचनात. शेवटी तो माणूसच हात जोडून पळाला!"

सलूनवाला डोळे पुसत हसत होता. मी हसले नाही. बोट ह्यांनी रचली, ठीक. पण शिंपीण आहे, ती लपलेली आहे, तिच्याबद्दल विचारणाऱ्याला थाप मारायची, हे ह्यांना कुठून कळलं? मी चकार शब्द बोललेले नाही. म्हणजे फोन फुटला! तीस तारखेच्या आधीच फुटला!

लेकीला कळवलं. म्हणाली, "तपासते. पण बाबा आणि हॅकिंग? त्यांना स्वतःचा ब्राइटनेस कमी करता येत नाही."

२७ नोव्हेंबर

नवा फोन आला. पासवर्ड दुकानातच बसवला. दुकानदाराला पाठ करून उभं केलं होतं, तरी त्याचे खांदे हसताना हलत होते. उद्धट!

२८ नोव्हेंबर

लेकीनं दुरून जुना फोन तपासला. काही शिरलेलं नाही. स्वच्छ.

मग ह्यांनाच समोर बसवलं. सरळ विचारलं.

"अगं," हे म्हणाले, "तू टाइप करताना मोठ्यानं म्हणतेस."

"काय म्हणते?"

"सगळं. एकेक शब्द. पूर्णविरामसुद्धा."

मी म्हटलं, शक्य नाही. हे चष्मा पुसत राहिले. मग हळूच सांगू लागले: शिंपीण, तिच्या चादरी, आतून लागणारं दार. तिच्याआधीची परिचारिका. तिच्या आधीची ती दोन मुलांची आई. गावांसकट.

"आणि हे कुणाकुणाला सांगितलंत?"

"कुणाला सांगू? ते माझं थोडंच आहे."

मला बसमधली ती बाई आठवली. दुकानदाराचे खांदे आठवले. हे मटार सोलायला लागले. मीही सोलले.

२९ नोव्हेंबर

शिंपिणीला लिहिलं. ओठ घट्ट मिटून. फार वेळ लागला.

३० नोव्हेंबर

आज सुपूर्द केलं ते असं:

जुना फोन, पूर्ण पुसून, चार्जरसकट — दुकानदाराच्या मोडीच्या पेटीत.

नव्या फोनचा पासवर्ड — ह्यांना, तोंडी, दार लावून. मला काही झालं तर शिंपिणीला उत्तर द्यायला कुणीतरी हवं.

म्हणाले, "तो मला परवापासूनच माहीत आहे. बदल तो. आणि या खेपेला मनात म्हण."

बदलला. मनात म्हणून. मग तोही ह्यांना दिला.