लिफ्टच्या गाण्याचा निकाल

प्रिय भोंगाबाई,

हे अक्षर बघून तू पाकीट न फोडताच बाजूला ठेवलं असतंस, तरी मला नवल वाटलं नसतं. आठ वर्षांनी पत्र, आणि तेही जिथून तुला येऊ नकोस म्हटलं गेलं त्या घरातून! ही माझी चौथी सुरुवात आहे. पहिल्या तीन फाडल्या. एकीत मी फार रडले होते, दुसरीत फार शहाणपणा केला होता आणि तिसरीत थेट कामाचं बोलून मोकळी झाले होते. फोन केला असता तर हे तिसरंच झालं असतं, म्हणून केला नाही. तुझा नंबर होता माझ्याकडे. व्यायामशाळेच्या काचेवर तुझ्या वर्गाचा कागद चिकटवलाय, त्यावरून उतरवून घेतला. खाली फुटपाथवर उभी राहून तुझा अर्धा वर्ग ऐकलाही. वीस-पंचवीस बायका उड्या मारत होत्या आणि तू स्पीकरच्याही वर आवाज चढवून आकडे मोजत होतीस, माइकशिवाय. बाबांनी तुझं नाव भोंगा ठेवलं ते काही उगाच नाही. वर यावं असं वाटलं, पण जिन्याच्या दुसऱ्या पायरीवरूनच परत फिरले.

आधी बातमी सांगते. अकरा आठवड्यांपूर्वी बाबांच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. ते पुढच्या खोलीत दुरुस्तीला आलेल्या एका पियानोच्या तारा बदलत होते. हातातली तारा पिळायची किल्ली खाली पडली आणि ते ती उचलायला वाकले नाहीत, तेव्हाच आत्याला शंका आली. किल्ली पडलेली त्यांना कधी सहन होते का? आता उजवा पाय बराच सुधारलाय, हातही हलतो. वाचा मात्र गेली ती गेलीच. समजतं सगळं. आत्याने गोळीची वेळ चुकवली की डोळे वटारतात. पण साधं पाणी हवं असलं तरी तोंडातून नुसतं ‘त, त’ येतं, आणि मग ते भिंतीकडे तोंड करून बसतात. डॉक्टर म्हणतात की पहिले सहा महिने मोलाचे, जे परत यायचं त्यातलं बरंचसं तेवढ्यातच येतं. मी कॅलेंडरवर आठवडे खोडते. आत्या म्हणते, अगं खोडू नकोस, बघवत नाही. मग मी ते कॅलेंडर माझ्या टेबलाच्या खणात ठेवलं आणि तिथे खोडते.

तुला माहीत आहे, माझी पहिली शाळा म्हणजे आमचं घरच. कानाच्या दुखण्यापायी मला दहाव्या वर्षापर्यंत शाळेत घातलं नाही. अक्षरं आत्याने गिरवून घेतली आणि अपूर्णांक बाबांनी तारेवर शिकवले: तार अर्ध्यावर दाबली की हा सूर, दोन तृतीयांशावर दाबली की तो. त्यामुळे गणित असो की गाणं, बरोबर आणि चूक एवढ्या दोनच गोष्टी जगात असतात अशी माझी समजूत झाली. मग पाचवीत तू माझ्या बाकावर येऊन आदळलीस. पहिल्याच तासाला बाकावर ठेका धरलास, मी म्हटलं चुकतोय, आणि तू म्हणालीस, “चुकत नाहीये, मजा येतेय.” त्याच दिवशी तू माझं नाव फूटपट्टी ठेवलंस.

रविवारचे ते निकाल आठवतात ना तुला? दुपारी बाबा हत्यारं पुसून ठेवायचे आणि आपल्याला त्या बिनपायांच्या पियानोवर बसवायचे. तू एक गाणं आणायचीस, मी एक. कुठलं सगळ्यात चांगलं आणि कुठलं सगळ्यात टाकाऊ यावर तासभर भांडण, आणि शेवटी पंच म्हणून बाबांचा निकाल. माझं म्हणणं ठरलेलं असायचं: शब्दांना अर्थ हवा, चालीला विसावा हवा, गाणाऱ्याने श्वास कुठे घेतला ते कळता कामा नये. तुझंही ठरलेलं: भांडी घासताना जे आपोआप तोंडात येतं ते चांगलं, बाकी सगळी परीक्षेची तयारी. “तुझी गाणी ऐकायची तर आधी हातपाय धुऊन बसावं लागतं,” असं तू म्हणालीस, तेव्हा मी म्हटलं होतं, “आणि तुझी ऐकल्यावर धुवावे लागतात.” बाबा मिशीत हसले होते आणि निकाल मला मिळाला होता. मलाच मिळायचा. खरं सांगायचं तर आठवडाभर मी त्यासाठीच जगायचे.

आता इथून माझा गोंधळ सुरू होतो. बोलायला शिकवणाऱ्या बाई आहेत, आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडे जातो. त्या म्हणाल्या की बोलणं जिथून येतं तो मेंदूचा भाग दुखावलाय, पण गाण्याची वाट थोडी वेगळी असते. ज्यांना ‘पाणी’ म्हणता येत नाही त्यांना कधीकधी ते गाता येतं. त्यांच्या आवडीची गाणी आणा, सोबत म्हणा, डाव्या हाताने ठेका धरायला लावा. मी दोन रात्री खपून चाळीस गाण्यांची यादी केली. सगळ्यात उत्तम ते पहिलं, मग उतरत्या क्रमाने. सगळी बाबांनीच मला शिकवलेली. रोज दोन-दोन म्हटली. बाबा ऐकत होते, अगदी सभ्यपणे, एखाद्या गिऱ्हाइकाचं ऐकावं तसे. ओठ हलले नाहीत. सव्विसाव्या गाण्याला झोपले.

आणि मग सातव्या आठवड्यात त्या दवाखान्याची लिफ्ट बंद पडली. मी, आत्या, चाकाच्या खुर्चीत बाबा आणि हातात फुलांची कुंडी धरलेला एक अनोळखी गृहस्थ. आत्या घाबरून सगळी बटणं एकदम दाबत सुटली. मी तिचा हात धरत होते, तेवढ्यात खालून, खुर्चीतून आवाज आला. स्वच्छ, खणखणीत, सुरात: “तिसऱ्या मजल्यावर अडकलं मन, दाबू मी कुठलं बटण!” सात आठवड्यांतले त्यांचे पहिले शब्द. कुंडीवाले गृहस्थ म्हणाले, “वा, काका मजेत आहेत!” आणि मी, तुझ्यापासून काय लपवायचं, मी रडण्याआधी मनात म्हटलं, हे गाणं? चाळीस सोडून हे?

आपल्या वादातलं सगळ्यात टाकाऊ गाणं! त्यात मन लिफ्टमध्ये का शिरतं, तिसऱ्याच मजल्यावर का अडकतं, मागे ती शिट्टी कोण वाजवतं, यावर मी तुला वहीची दोन पानं लिहून आणून दाखवली होती. आता मला काहीच कळेनासं झालंय. आमच्या कानांच्या दवाखान्यात मी दिवसभर माणसांना बंद खोलीत बसवते, बारीक-बारीक आवाज ऐकवते आणि सांगते, ऐकू आला की हात वर करा. कुणाला काय ऐकू येतं हे मापायचं माझं काम. आणि ज्या माणसाजवळ मी जन्मभर राहिले त्याच्या आत काय वाजत होतं ते मला कधी ऐकू आलं नाही. की आलं होतं? ते पुढे सांगते.

त्या बाई फार खूष झाल्या. म्हणाल्या, आता हेच गाणं धरा, चाल तीच ठेवा आणि हळूहळू त्यात रोजचे शब्द भरा. मी ते गाणं शिकले. सुरांसकट लिहून काढलं, शिट्टीसुद्धा. पण बाबा पहिली ओळ म्हणतात, डावा हात उचलून थांबतात, आणि मी दुसरी म्हटली की हात खाली टाकतात. मूळ गाणं लावून दिलं तरी तेच. कधी म्हणतात तर कधी नाही, आणि म्हणत नाहीत तेव्हा दाराकडे बघत बसतात. चार आठवडे झाले, ती एकच ओळ. मागच्या मंगळवारी आत्या मोजे घडी करता-करता म्हणाली, “अगं, तू म्हणून कसं चालेल? दादा तिची वाट बघतोय. ती कशी दारातूनच ओरडत यायची!” आणि वर म्हणाली, “पोरगी एकदम यायची बंद झाली बघ. दादाला फार लागलं होतं तेव्हा.”

शेवटचा रविवार तुलाही आठवत असेल. तू पुन्हा हेच गाणं आणलं होतंस. मी माझं सगळ्यात अवघड गाणं बसवलं होतं, तीन महिने खपून. एकही सूर इकडचा तिकडे झाला नाही. मग तू सुरू केलंस, हातात बाबांची पकड घेऊन, लिफ्टच्या दाराची नक्कल करत, आणि बाबा हसायला लागले. मांडीवर थाप मारून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दुसरी ओळ त्यांनी तुझ्याबरोबर म्हटली. आणि निकाल तुला दिला. म्हणाले, “फूटपट्टी, तुझं गाणं ऐकून मी माझ्या चुका मोजतो. हिचं ऐकून विसरतो.” तुम्ही दोघं पुढे कितीतरी वेळ गात होतात. मी आत जाऊन पाणी प्यायले. मी आईवेगळी मुलगी, मला एकच माणूस होतं, आणि माझ्यासाठी ते असं कधी हसलं नव्हतं. हे कारण म्हणून सांगत नाहीये. कारण होऊ शकतं की नाही हेही मला ठरवता येत नाही.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी तुला कॉलेजच्या फाटकाशी गाठून सांगितलं की बाबा म्हणाले, तिला आता येऊ नको म्हणावं, कामात व्यत्यय येतो. तू फक्त विचारलंस, “काका असं म्हणाले?” आणि मी हो म्हटलं. बाबा असं म्हणाले नव्हते. कधीच नाही. ते दोन महिने दर रविवारी विचारत होते, भोंगा नाही आला? आणि मी सांगत होते की तिला नव्या मैत्रिणी मिळाल्यात. मग त्यांनी विचारणं सोडलं. लहानपणापासून मी आत्याला न विचारता बिस्किटसुद्धा घेतलं नाही, आणि हे एवढं मोठं खोटं दोन्हीकडे बोलून आठ वर्षं नीट जेवले, झोपले.

काल मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांना तोंड फिरवता येऊ नये म्हणून भिंतीच्या बाजूला बसले, मग ते फार दुष्टपणाचं वाटलं म्हणून पुन्हा इकडे आले. ते ऐकत होते. चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता आलं नाही. राग म्हणावा तर राग नव्हता. मग डाव्या हाताने टेबलावरचं पेन ढकललं, ते माझ्यासमोर येईपर्यंत, आणि त्यामागून कागद. मला माफ केलं की हुकूम सोडला, मला कळलं नाही, आणि त्यांना सांगता येत नाही. म्हणून हे पत्र. माफी आणि मागणी एकाच पाकिटात घालायची मला लाज वाटते, म्हणून ये असं म्हणत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी अकराला आम्ही त्या बाईंकडे असतो, बाकी वेळ घरी, एवढं फक्त कळवते. तू आलीस तर मी आत्याबरोबर बाहेर बसेन. तुला माझं तोंड बघावं लागणार नाही. नाही आलीस, तरी एक गोष्ट तुझ्याजवळ पोचलेली असू दे: काकांनी तुला कधीच नको म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं.

अजूनही तुझीच म्हणवून घ्यायचा हक्क असला तर तुझीच,
फूटपट्टी