कंपनीचे ओरिजिनल पाने

३ मार्च, रविवार

रोजनिशी पुन्हा सुरू. यंदा खंड पडणार नाही.

पुढच्या महिन्यात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन. मागच्या वर्षी माझ्या उघड्या टपाच्या लाल स्पोर्ट्स कारला नंबर मिळाला नाही. कारण एकच. डिकीत कंपनीचं ओरिजिनल टूलकिट नाही. म्हणजे परीक्षक असंही म्हणाले होते की इंजिन चालू होत नाही, डावं दार उघडत नाही आणि सीटमधून स्प्रिंग वर आली आहे. पण ते बोलण्याच्या ओघात. मुद्दा टूलकिटचा.

बायको म्हणाली, यंदा नंबर आला नाही तर गाडी विकायची आणि गॅरेज तिच्या शिवणक्लासला द्यायचं. सध्या क्लास बैठकीच्या खोलीत भरतो. टाचण्या माझ्या खुर्चीत. मी लगेच हो म्हटलं. बिचारीला कल्पना नाही, मी एकदा एखादी गोष्ट मनावर घेतली की

(चहा आला. वाक्य राहिलं.)

५ मार्च, मंगळवार

अभ्यास केला. टूलकिट म्हणजे खाकी कापडाची गुंडाळी. आत पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, प्लगपाना. प्रत्येकावर कंपनीचा शिक्का, पंखवाला मासा. महिनाभर पुरेल एवढं काम दोन दिवसांत उरकेन असं दिसतंय.

१० मार्च, रविवार

भंगारबाजार. तंत्र आधीच ठरवलं होतं: उत्सुकता दाखवायची नाही. दाखवली की भाव चढतो.

दुसऱ्याच दुकानात गुंडाळी. समोर. मासा स्पष्ट दिसत होता. मी तिच्याकडे पाठ करून उभा राहिलो. आधी एक टेबलफॅन पाहिला. मग कुकरची झाकणं, एकेक करून, उजेडात धरून. तेवढ्यात एक गृहस्थ आले, गुंडाळी उचलली, पैसे दिले आणि गेले.

भंगारवाल्याला जाब विचारला. तो म्हणाला, साहेब, मला वाटलं तुम्ही झाकणवाले.

म्हणजे अभिनय तंतोतंत पटला. तंत्र बरोबर आहे, फक्त जरा जास्त झालं. रिकाम्या हाताने कसं परतायचं म्हणून एक झाकण आणलं. बायको म्हणाली, या मापाचा कुकर आपल्याकडे नाही. हिला दूरदृष्टी नाही.

१६ मार्च, शनिवार

मोठा धागा हाती. जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर कळलं की एका काकूंकडे अशीच गाडी होती. नवरा गेल्यावर गाडी विकली, पण टूलकिट ठेवून घेतलं. पत्ता मिळाला. उद्या जातो. माणसं जिंकणं मला जमतं.

१७ मार्च, रविवार

काकू तिसऱ्या मजल्यावर एकट्याच राहतात. सत्तरीच्या पुढे, नजर तीक्ष्ण. टूलकिट आहे म्हणाल्या. माळ्यावर. पण शिडी मोडली आहे.

शिडी दुरुस्त केली. एक पायरी उलटी बसली, पण चढता येतं. तोवर अंधारून आलं आणि माळ्यावर दिवा नाही. काकू म्हणाल्या, पुढच्या रविवारी ये. मला पहिल्याच भेटीत अरे-तुरे करतात. जिंकलंच त्यांना.

२४ मार्च, रविवार

माळ्यावर दिवा लावला. घरातला फ्यूज गेला. तो बसवला. माझी चिकाटी पाहून काकू थक्क झाल्या. मेणबत्ती धरून नुसत्या बघत राहिल्या.

घरी आलो तर बायको म्हणाली, आपल्या खिडकीची कडी लोंबतेय, ती कधी बसवणार. मला वेळ कुठे आहे.

३१ मार्च, रविवार

माळा आवरला. गाद्या, पत्र्याच्या पेट्या, एक पाळणा. सगळं खाली आणलं, पुसलं, परत वर ठेवलं. टूलकिट नाही. खाली उतरलो तेव्हा गुंडाळी जेवणाच्या टेबलावर होती. पंखवाला मासा. एकही पाना कमी नाही.

काकू म्हणाल्या, ती पहिल्यापासून स्वयंपाकघरातच होती. वस्तू देण्याआधी माणूस कसा आहे ते बघायचं होतं, म्हणाल्या.

मी विचारलं, कसा वाटला.

म्हणाल्या, हाताला गुण नाही, पण नेमाने येतोस.

ही प्रशंसा जशीच्या तशी लिहून ठेवतो आहे. पैसे घेत नाहीत. प्रदर्शनाला यायचं म्हणतात. येऊ देत. म्हातारं माणूस, तेवढाच विरंगुळा.

६ एप्रिल, शनिवार

पाने तेल लावून चकाकवले. बायको म्हणाली, या पान्यांनी गाडी तरी खोलून बघा. तिला समजावलं की ओरिजिनल पाने वापरायचे नसतात, ओरखडे पडतात. गाडी उद्या टेंपोला दोर बांधून न्यायची. झाकली मूठ ठेवली तर कोणाला कळणार आहे.

७ एप्रिल, रविवार. संध्याकाळ

सविस्तर लिहायला हवं, पण थकलो आहे.

परीक्षकांनी गुंडाळी उलगडली, एकेक पाना हातात घेतला, वा म्हणाले. मी मागे हात बांधून उभा. मग म्हणाले, चालू करा.

चालू झाली नाही. मी सांगितलं की काही गाड्या बघण्यासाठी असतात. ते म्हणाले, पाने आहेत की, बघा उघडून. मी बॉनेट उघडलं आणि आत गंभीरपणे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

काकूंनी पर्स बायकोच्या हातात दिली, पदर खोचला आणि मला म्हणाल्या, सरक.

प्लग काढले, घासले, बसवले. आणखी कुठे काय काय पिळलं ते मला दिसलं नाही, कारण बायको मध्ये उभी राहून पाने देत होती. परीक्षकांनी विचारलं, आजी, हे यजमानांनी शिकवलं का. काकू म्हणाल्या, यांना गाडी पुसायला आवडायचं. चालवायचे मी.

गाडी गुरगुरली आणि सुरू झाली. बायको बंद दारावरून चढून आत बसली. लग्नाला एवढी वर्षं झाली, तिला कशावर चढताना पाहिलं नव्हतं. दोघींनी मैदानाला दोन फेऱ्या मारल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, रिकामी गुंडाळी काखेत धरून.

दुसरा नंबर. प्रमाणपत्रावर नाव काकूंचं पडलं. घाईत होतं असं.

तरी निष्कर्ष तोच: टूलकिट आलं आणि नंबर आला. मी म्हणतच होतो.

१४ एप्रिल, रविवार

बायको स्वतः म्हणाली की गाडी विकायची नाही. तत्त्वाचा विजय. क्लास बैठकीतच राहील, टाचण्यांचं बघू. काकू तिला दर रविवारी गाडी शिकवणार आहेत. आज मीही बूट घालून तयार झालो, पण गाडीत सीटं दोनच. गेटपर्यंत सोडायला गेलो.

२१ एप्रिल, रविवार

दुपारी बायकोचा फोन. गाडी गावाबाहेरच्या पुलापाशी बंद पडली आहे, पाने घेऊन या.

गेलो. बसने. गुंडाळी मांडीवर. दोघींनी चटचट काम केलं. बायकोच्या नाकाला काळं लागलं होतं, आणि तिला ते शोभत होतं हे मी बोललो नाही. काकूंनी पाने पुसून मला परत दिले. म्हणाल्या, तुझ्याकडेच ठेव, तू नीट जपतोस.

मग त्या गेल्या. परतीच्या बसला वेळ होता. थांब्यावरचा एक माणूस बराच वेळ गुंडाळीकडे बघत होता. जाणकार असावा असं वाटून मी ती मुद्दाम थोडी उलगडली.

म्हणाला, प्लंबर का? आमच्या बेसिनचा नळ गळतोय.

वस्तूची पारख असलेली माणसं फार थोडी.

पत्ता घेतला आहे. रविवारी मोकळाच असतो.