श्वासानं डोकं उतरत नाही

आदर्शदादा, जय भीम.

तू फोनवर म्हणतोस, "प्रिया, डोकं उठलं की नुसतं श्वासाकडं बघत ऱ्हा." बघितलं, दादा. आज लातूरच्या क्लासात परीक्षा चालू असताना अर्धा पेपर दिसेनासा झाला, मळमळायला लागलं. मी डोळे मिटून श्वासाकडं बघत राहिले. दुखणं तसूभर हललं नाही. सर म्हणाले, "झोपायला आलीस का?" एरवी मी रडले असते. आज मी म्हणाले, "सर, मला मायग्रेन आहे. अंधारात पडू द्या." आणि सगळ्यांदेखत उठून गेले. पेपर अर्धाच राहिला.

हे तुला कळलं तर तू बाबांना सांगशील आणि ते मला घरी लोह्याला परत नेतील, म्हणून पत्र धाडत नाही. पण श्वासानं दुखणं जात नाही, फक्त बोलायचं बळ येतं, हे आधीच का सांगितलं नाहीस?

तुझ्यावर चिडलेली,
बुद्धप्रिया