इथे आता कोणी लिहू नये

भुकूम, १२ नोव्हेंबर, बुधवार

गौतमी मॅडम, आणि दुसरं कोण मेंबर वाचत असतील त्यास्नी,

नमस्कार. मी सारिका, तुमच्या सोसायटीच्या साइटच्या ऑफिसात झाडलोट करणारी. तुमी समदी बरी असाल. मी काल रातीपासनं झोपले न्हाई. बारकी, सृष्टी, रडत व्हती म्हून. चार महिन्याची हाय, रडायचीच. चुका झाल्या तर हसू नका, सातवीपतोर शिकलीय, एकेक अक्षर हुडकाया लागतंय.

मॅडम, तुमी रविवारी मीटिंगला यायचा तवा मला शिकवलं व्हतं, इंग्रजी अक्षरं दाबली की मराठी उमटतंय. मी पयलं माझ्या थोरलीचं, दिशाचं नाव लिवलं व्हतं. दिशा आता पहिलीत हाय. बिल्डिंगी हायत तशाच अर्धवट हायत, वरच्या सळया गंजल्या. शेखरभाऊ एकटेच ऑफिस संभाळत्यात, आता जेवाया भूगावला गेलेत. त्यांच्याच कॉम्प्युटरवर बसलेय, अर्धा तास हाय माझ्यापाशी.

तुमचं हे मेलचं लई भारी व्हतं. एकानं लिवलं की एकशेबारा मेंबरांना जायचं. भांडायची तरी कशी, पयलं "आदरणीय सभासद", मग दोन पानं शिव्या. दोन दिसांनी कुणीतरी उलटं दोन पानं लिवायचं. पण आधी पुरतं वाचायचं, मग लिवायचं. तुमी मला वाचून दावायचा आन हसायचा. शेवटलं पत्र तुमचंच हाय, दोन वर्षापूर्वीचं. "सर्वांनी व्हॉट्सअ‍ॅपवर यावे. इथे आता कोणी लिहू नये." माफ करा, मी लिवतेय.

व्हॉट्सअ‍ॅपवर आमच्या भावकीचाबी ग्रुप हाय. त्रेचाळीस माणसं.

माझी नणंद सोनिया, तिच्या लग्नाला बारा वर्षं झाली, लेकरू न्हाई. वाईट न्हाई हो ती. सृष्टी झाली तवा सासूबाईंनी ग्रुपवर बोलून टाकलं, "दुसरीबी पोरगीच, तर ही सोनियाच्या ओटीत घालू. सूनबाईची राजीखुशी हाय नव्हं?" मला दवाखान्यातनं येऊन धा दिस झालं व्हतं. आमचं मालक शेजारी बसलेलं. "टाक की कायतरी," म्हणाले. मी अंगठा टाकला. तो पिवळा असतो ना, तो. लिवता येतंय मला, तरी अंगठाच दिला. वाटलं, म्हातारीचं मन राखू, पुढचं पुढं. आता काय बोलाया गेलं की तोच काढून दावत्यात. पोलिसात जाऊन तरी काय सांगू, अंगठा माझाच हाय.

परवा सोमवारी बारकीला पाजत व्हते. एका हातात फोन. विश्रामदादाच्या, म्हंजी माझ्या भावाच्या नावावर बोट ठेवलं आन तेवढ्यात ग्रुपवर कुणाचातरी शुभ सकाळ आला. ग्रुप वर सरकला, दादा खाली गेला. मी बगितलंच न्हाई. माइक दाबून रडत बोलले, "दादा, मला ने. शुक्रवारी सृष्टीला देणार हायत. मला न्हाई द्यायची." मग वर नाव बगितलं. पुसायचं बटण दाबलं, त्यानं दोन गोष्टी इचारल्या, मी एक दाबली. आवाज गेला. सुटले म्हणलं.

ते निसतं माझ्या फोनातनं गेलं व्हतं. बाकी बेचाळीस जणांकडं तसंच.

चुलत सासरे बापूसाहेब, त्यांनी लिवलं, "सूनबाई, आवाज झकास हाय. पुढच्या टायमाला गाणं म्हणा." खाली हसणारी तोंडं. मालकांनी माझ्याम्होरं तीनदा लावलं. "आईक, तुझाच आवाज हाय. जायाचंय? जा की. पोरी हितं ठिवून जा." आन फोन काढून घेतला.

दुसऱ्या दिशी त्यांनी ग्रुपवर कार्ड टाकलं, मला त्यांच्या फोनात दावलं. सोनियाच्या मांडीवर माझी सृष्टी, भवती गुलाब, वर लिवलंय कन्यारत्न. अर्ध्या तासात चाळीस जणांनी फुलं टाकली, हात जोडले. मॅडम, समद्यांनी माझा आवाज आयकला व्हता. एकानंबी इचारलं न्हाई, ही रडत का व्हती.

खरं सांगते. सृष्टी रडत व्हती पण माझ्यापाशी न्हवती. सासूबाई घेऊन निजल्या, सवय व्हाया पायजे म्हून. बाटलीचं दूध देत्यात. मधी भिंत. माझं दूध दाटलंय, छाती दगड झालीय, लिवतानाबी ठणकतंय.

दादाला मीच घालवलाय. भाऊबीजेला आला, मला बगून म्हणाला, "सारिके, काय झालीस गं? चल, कपडं भर." मी समद्यांच्या देखत म्हणलं, "तुज्याकडं येऊन बकऱ्यांत राहू काय? पुन्यांदा येऊ नगंस." ताटावरनं उठून गेला. मालक दारात उभं व्हतं, दिशाचं मनगट धरून. ते दादाला दिसलं न्हाई.

त्याचा नंबर मला पाठ न्हाई. फोनात नाव असतंय, नंबर कोण बगतंय. पण बागंसाठी लेंडीखत पायजे व्हतं तवा तुमी हितंच समद्यांना लिवलं व्हतं, "कोळवणचे विश्राम, नंबर असा असा." आत्ता मी "लेंडी" लिवून हुडकलं तर निघालं. तिकडं समदं सरकून जातंय, हितं ठिवल्या जागी हाय. ते पत्र ह्याच्या खाली जोडलंय. मला फोन कुणाचा मागता येत न्हाई. शेखरभाऊ मालकांसंग तमाखू मळत्यात, आन सासूबाई गेटापतोर संग येत्यात.

हे गेलं का न्हाई मला कळणार न्हाई. हितं टिक येत न्हाई. एकशेबारा माणसं हायत म्हणं, पण समदी तिकडं गेल्यात. त्या रिकाम्या बिल्डिंगीत हाक मारल्यागत वाटतंय, आपलाच आवाज माघारी येतोय.

उलटं उत्तर धाडू नका, शेखरभाऊ बगतील. हितनं मी हे पुसून टाकणार हाय. तुमच्याकडचं ऱ्हाईल. ह्या बारीला ते मला म्हाईत हाय.

कोणबी वाचा, विश्रामदादाला निसता एक फोन करा. भाऊबीजेला बोलले ते माझं न्हवतं, एवढं सांगा. तुमी वाचस्तोर शुक्रवार उलटून गेला असंल, म्हैना झाला असंल, पोरीला माझा वाससुदिक आठवत नसंल. तरीबी त्याला फोन करा.

सारिका,
दिशाची आई, सृष्टीचीबी